सहासष्टांच्या मापाचं कव्हर

वयाच्या नवव्या वर्षी रविवारच्या शाळेत त्यानं बायबलमधल्या सहासष्ट पुस्तकांची नावं एका दमात म्हणून दाखवली, बक्षीस म्हणून एक पेन्सिल मिळवली, आणि त्या दिवसापासून सगळे त्याला 'सहासष्ट' म्हणायला लागले. पेन्सिल कधीच झिजून संपली, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. पुढे तो बुकबाइंडर झाला, त्याचं लग्न झालं, लेक झाली, बायको देवाघरी गेली, केस पिकले. पण अजूनही कुणी नुसतं 'म्हणा बरं' म्हटलं की गडी पहिल्या उत्पत्तीपासून सुटायचा तो शेवटच्या प्रकटीकरणाला पोचूनच श्वास घ्यायचा. एवढा अभिमान त्याला स्वतःच्या बांधणीचाही नव्हता, आणि बांधणी तर अशी की त्यानं शिवलेलं पुस्तक दोन्ही पुठ्ठे धरून झटकलं तरी पान हलत नसे.

हाच सहासष्ट आज सकाळी साडेदहाला एक पुडकं छातीशी धरून जवळजवळ धावत रस्त्यानं चालला होता. चार वाजता लेकीचं लग्न. त्याचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. ओळखीचा कोणी भेटला की तो "चार वाजता, चार वाजता" एवढंच ओरडायचा आणि पुढे सटकायचा.

पुडक्यात विहीणबाईंच्या आईचं बायबल होतं. ते त्याच्याकडे कसं आलं, हे सांगायलाच हवं, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू होतं.

सहासष्टचं घर पिढ्यान्‌पिढ्या प्रोटेस्टंट. लेकीनं मुलगा निवडला तो कॅथलिक. मुलात नाव ठेवायला जागा नव्हती. त्याची आई लग्नाचे झगे शिवायची. तिचं दुकान बाजाराच्या कोपऱ्यावर, आणि जीभ तिच्या कात्रीपेक्षा धारदार. लग्न त्यांच्या चर्चमध्ये लागावं इथपर्यंत सहासष्टनं मान डोलावली. पण त्यांच्याकडे लग्न लागल्यावर नवरी हातातला गुच्छ नेऊन येशूच्या आईच्या, मारियामाउलीच्या पुतळ्यापाशी ठेवते, हे कळलं आणि बोलणी तिथंच अडली.

"माझी लेक पुतळ्यापुढे वाकणार नाही," सहासष्ट म्हणाला होता.

"वाकायला कोण सांगतंय? फुलं ठेवायचीत. आईला फुलं दिली म्हणून लेकाला कधी राग येतो का, व्याहीबुवा?"

"पण शास्त्रात कुठे लिहिलंय?"

"शास्त्रात तुमच्या दुकानाचा पत्ता तरी कुठे लिहिलाय? म्हणून काय ते नाहीये?"

इथवर गंमत होती. पण मग विहीणबाई सहज बोलून गेल्या, "बिनआईची पोर आहे. त्या दिवशी एका आईपाशी दोन घटका उभी राहिली तर काय बिघडेल?" सहासष्ट ताडकन उठला. बायकोचं नाव त्या वादात आलेलं त्याला मुळीच खपलं नाही. चहाचा कप कलंडला, तो त्यानं सरळसुद्धा केला नाही.

लेक औषधांच्या दुकानात कामाला. मोजून मापून देणारी, तशीच मोजून मापून बोलणारी. तिनं मधला मार्ग काढला. गुच्छ ठेवायचा नाही. त्याच्या बदल्यात लग्नातलं वाचन विहीणबाईंच्या आईच्या बायबलमधून करायचं. त्याच पुस्तकातून आजीच्या लग्नात वाचलं होतं, विहीणबाईंच्याही. आता ते पार खिळखिळं झालं होतं, तेव्हा पप्पांनी ते नव्यानं बांधून द्यायचं. विहीणबाईंनी ओठ घट्ट मिटले आणि म्हटलं, "ठीक. करार म्हणजे करार." वाचन कुठलं, हे सहासष्टनं विचारलं नाही. तो आपला एखादं स्तोत्र धरून चालला होता.

पुस्तक हातात आलं तेव्हा त्याच्यातला कारागीर हरखून गेला. मोठ्या टायपाचं, जाड कागदाचं. दर पुस्तक नव्या पानावर सुरू होणारं. पण शिवण संपलेली, घड्या तुटून पानं सुटी झालेली, आणि वरची कड कसरीनं अशी खाल्लेली की पानांचे आकडे जवळजवळ सगळे गायब. दुसरा बाइंडर असता तर डोक्याला हात लावून बसला असता. हा हसला. ज्याला सहासष्ट पुस्तकांची नावं ओळीनं पाठ आहेत त्याला आकडे कशाला हवेत? तीन आठवडे खपून त्यानं पानं लावली, बारीक पट्ट्या चिकटवून त्यांच्या जोड्या केल्या, जोड्यांचे जुडगे, म्हणजे फर्मे, शिवले आणि वर तांबूस चामडं चढवलं. जन्मात इतकं सुंदर काम त्यानं केलं नव्हतं.

विहीणबाईंच्या दुकानात त्या वेळी एकच धांदल. लेक मधोमध स्टुलावर उभी, अंगावर पांढराशुभ्र झगा, खाली कडेला टाचण्याच टाचण्या. विहीणबाई गुडघ्यांवर बसून घेर सारखा करत होत्या. मनगटाला टाचण्यांची उशी, तोंडात दोरा. कोपऱ्यात नवऱ्या मुलाची आत्या. ही बाई तीस वर्षं टेलिफोन ऑफिसात होती. तिचा आवाज फोनशिवायही दुसऱ्या गावाला पोचतो, असं घरचे म्हणायचे, म्हणून वाचन तिच्याकडे होतं.

पुडकं सुटलं. विहीणबाईंनी तोंडातला दोरा काढला, हात पदराला पुसले आणि चामड्यावरून बोटं फिरवली. "अगं बाई," एवढंच त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं सहासष्टनं पाहिलं आणि त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"बघू, एकदा वाचून घेते," म्हणत आत्यानं चष्मा चढवला. पानं उलटली. मागे गेली, पुढे आली. परत मागे. "नहेम्या," ती म्हणाली, "आणि मग एकदम एस्तेर. मधला तोबित कुठे गेला?"

"कोण तोबित?" सहासष्टनं विचारलं. "पाहुण्यांपैकी आहेत का कोणी?"

दुकानात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. पडलीही एक, विहीणबाईंच्या हातून. त्यांनी पुस्तक ओढून घेतलं. तोबित नाही. यहूदीथ नाही. मक्काबींची दोन्ही नाहीत. त्या एकेक नाव घेत गेल्या आणि त्यांचा आवाज एकेक पायरी चढत गेला.

"व्याहीबुवा, त्र्याहत्तर पुस्तकं दिली होती मी तुमच्या हातात!"

"बायबलमध्ये सहासष्टच असतात."

"तुमच्यात! तुमच्या लोकांनी सात काढून टाकली."

"आम्ही काढली नाहीत. ती नव्हतीच. तुम्ही घातलीत."

"पाचशे वर्षांपूर्वी काढलीत ती काढलीत, आज परत? माझ्या आईच्या पुस्तकातून? तिच्या लग्नात जे वाचलं, माझ्या लग्नात जे वाचलं, नेमकं तेच? फुलं काढलीत तेव्हा गप्प बसले मी. आता पानंही काढलीत!"

"अहो, मी मुद्दाम..."

"मुद्दाम नाही तर काय वाऱ्यानं उडाली? तुम्हाला आमची माउली चालत नाही, आमचं शास्त्र चालत नाही, मग आमचा मुलगा तेवढा कसा चालतो? लावा तुमचं लग्न. मी यायची नाही."

टाचण्यांची उशी काढून त्यांनी टेबलावर आपटली. सहासष्टच्या तोंडचं पाणी पळालं. जावई म्हणजे आईचा शब्द खाली पडू न देणारा मुलगा. हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"या नाही आल्या तर तो वेदीपुढे उभा राहणार नाही," लेक स्टुलावरूनच म्हणाली. टाचण्यांमुळे तिला खाली उतरताही येईना. "आणि त्याला तसं उभं करायला मी सांगणार नाही. पप्पा, तुम्ही आजवर कुणाच्या पुस्तकाचा कपटासुद्धा फेकला नाही. ती पानं कुठे आहेत?"

सहासष्टनं डोळे मिटले. कामाचं टेबल आठवलं. पानांचे ढीग आठवले. आणि एकाएकी तो एवढ्या मोठ्यानं ओरडला की आत्यासुद्धा दचकली.

"मासा!"

"कसला मासा?"

"मासा आणि कुत्रा! आहेत! पानं आहेत! पुस्तकं दाबायच्या शिकंज्याच्या वरच्या फळीवर आहेत!"

पुस्तक उचलून तो दाराकडे धावला. मागून विहीणबाईंचा आवाज आला, "थांबा! मी येणार. आता जे काय व्हायचं ते माझ्या डोळ्यांदेखत." टाचण्यांची उशी परत मनगटाला चढली, एक मोठी पिशवी खांद्याला अडकली आणि दोघंजण भर बाजारातून धावत सुटली. पुढे पुस्तक घेतलेला व्याही, मागे विहीण. लोक थांबून बघायला लागले. हा पुस्तक चोरून पळतोय असंच कुणालाही वाटलं असतं.

दुकान उघडून सहासष्ट स्टुलावर चढला आणि फळीवरून एक गठ्ठा काढला. नीट चौकोनी, खाकी कागदात गुंडाळलेला, सुतळीनं बांधलेला. वर त्याच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'बायबलमध्ये चुकून आलेली दुसऱ्या पुस्तकाची पाने. मालकिणीला विचारून परत देणे.' खाली तीन आठवड्यांपूर्वीची तारीख. लग्नाच्या गडबडीत विचारायचं राहून गेलं होतं.

विहीणबाईंनी ते एकदा वाचलं. मग परत वाचलं. "चुकून आलेली," त्या हळूच म्हणाल्या. "दुसऱ्या पुस्तकाची." आणि त्या मटकन बाकावर बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता उचकी लागली, तरी थांबेनात.

"मला वाटलं, गोष्टींचं पुस्तक असेल, नावंही डोक्यात राहिली नाहीत," सहासष्ट खाली मान घालून म्हणाला. "एक पोरगा प्रवासाला निघतो, त्याच्यामागे कुत्रा जातो, नदीतून मासा उसळतो. मग ती मुलगी, जिचे सात नवरे पहिल्याच रात्री मेले. आणि तिचा बाप! नवा जावई घरात झोपलाय आणि सासरा बाहेर त्याच्यासाठी खड्डा खणतोय, उगाच सकाळी बोभाटा नको म्हणून!"

विहीणबाईंची उचकी थांबली. "म्हणजे तुम्ही वाचलंत."

"थोडंसं."

"थोडंसं वाचलं तर खड्ड्यापर्यंत कसे पोचलात?"

सहासष्टनं कान खाजवला. खोटं बोलणं त्याला कधी जमलं नव्हतं. "त्या मुलीचं पुढे काय होतं ते कळल्याशिवाय पान ठेववेना. सगळं वाचलं. नवराबायको दोघं उठून प्रार्थना करतात, दोघांनी मिळून म्हातारं व्हावं म्हणून, तिथे..." तो थांबला. "तिथे माझ्या लेकीची आठवण आली. तिच्या आईचीही. जरा रडू आलं."

"तेच तर आज वाचायचंय," विहीणबाई म्हणाल्या.

भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा झाले होते.

"सुटी पानं घेऊन जाऊ," विहीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता बराच खाली आला होता. "आत्या वाचेल हातात धरून. तुमचं एवढं सुंदर काम कशाला फाडायचं?"

सहासष्ट टेबलाशी उभा राहिला. सोपी वाट समोर होती. पानं सुटी दिली असती तर त्याच्या चर्चमध्ये कुणी त्याला नाव ठेवलं नसतं. पण ती सात पुस्तकं स्वतःच्या हातानं बायबलमध्ये शिवायची? पाळकसाहेब आज तिसऱ्या बाकावर असणार. नवव्या वर्षी मिळालेली ती पेन्सिल त्याला आठवली. मग त्यानं गठ्ठ्यावरचं स्वतःचंच अक्षर परत पाहिलं: 'मालकिणीला विचारून परत देणे.'

"नाही," तो म्हणाला. "गिऱ्हाइकानं जेवढं दिलं तेवढं बांधून परत द्यायचं. काय पवित्र आणि काय नाही ते बाइंडरनं ठरवायचं नसतं. मी ते ठरवून बसलो, तेही न विचारता. चूक आहे ती." आणि त्यानं सुरी उचलून तीन आठवड्यांच्या कामाची पाठ एका रेषेत उघडली. विहीणबाईंनी डोळे मिटून घेतले.

मग जी लगबग सुरू झाली ती काय सांगावी! पानांच्या जोड्या, पट्ट्या, खळ, घड्या. सहासष्ट हाडाच्या पट्टीनं घडी दाबायचा, दाभणानं भोकं पाडायचा आणि फर्मा पुढे सरकवायचा, विहीणबाई शिवायच्या. "दोरा आधी मेणावरून ओढा," तो म्हणाला, तर त्यांनी पिशवीतून स्वतःचा मेणाचा गोळा काढून दाखवला. तिसऱ्या फर्म्याला त्याच्या लक्षात आलं की बाईंचा टाका त्याच्या टाक्यापेक्षा सारखा पडतोय. हे काही तो मोठ्यानं म्हणाला नाही. भांडण मात्र चालूच होतं, हातांबरोबर.

"लोक तिला देवाच्या जागी बसवतात, हे मला पटत नाही."

"कोणी बसवत नाही. आम्ही तिला म्हणतो, आमच्यासाठी प्रार्थना कर. तुम्ही तुमच्या पाळकांना म्हणता ना?"

"पाळक जिवंत आहेत."

"आणि ती मेलेली आहे? मग तुमचं ते सार्वकालिक जीवन काय फक्त पुरुषांना?"

सहासष्टकडे याचं उत्तर होतं, चांगलं दोन वचनांचं होतं, पण नेमकी तेव्हाच त्याच्या तोंडात बाईंसाठी ओवलेली दुसरी सुई होती.

अडीच वाजता शिवण पुरी झाली. त्यानं पुस्तक चामड्याच्या कव्हरात ठेवलं आणि त्याच्या कपाळावर घाम आला. कव्हर मिटेना. मिटणार कसं? सहासष्ट पुस्तकांच्या मापानं कापलेलं ते, त्यात त्र्याहत्तर कशी मावणार? पाठीला चांगली दोन बोटं जागा कमी पडत होती. चामडं संपलेलं. चिरलेल्या पाठीत मधे दुसरी पट्टी घालणं एवढाच उपाय होता, आणि तेवढं मजबूत कापड दुकानात नव्हतं.

विहीणबाईंनी पिशवीत हात घातला आणि निळ्या मखमलीचा एक लांबट तुकडा टेबलावर ठेवला. ठेवताना त्या जरा बिचकल्या. "माउलीच्या पुतळ्याला नवा झगा शिवला परवा," त्या म्हणाल्या. "त्यातला उरलाय. तुम्हाला नको असेल तर..."

सहासष्टनं तुकडा उचलला, उजेडाकडे धरला आणि दोन्ही हातांनी ताणून पाहिला. "वीण घट्ट आहे," तो म्हणाला. "सरस लावल्यावर रंग सोडेल का?"

"मी निवडलेलं कापड रंग सोडत नाही."

"मग आणा इकडे."

पावणेचारला चर्चच्या दाराशी आत्यानं कशीबशी कड शिवलेल्या झग्यात लेक गुच्छ घेऊन उभी होती, आणि लांबून दोघं धावत येताना दिसली तेव्हा तिनं गुच्छच हलवून त्यांना खूण केली. सहासष्टच्या कोटाच्या बाहीला खळ लागलेली. काखेत पुस्तक, तांबूस चामड्याचं, मधोमध निळी पाठ. "सरस ओला आहे," तो धापा टाकत म्हणाला. "कुणी हात लावायचा नाही." तसाच एका हाताला लेक आणि दुसऱ्या काखेत पुस्तक घेऊन तो मधल्या वाटेनं चालत गेला.

वाचनाची वेळ आली तेव्हा खरी पंचाईत झाली. पुस्तक स्टँडवर सपाट उघडलं तर ओली पाठ फाटणार. अर्धवट उघडं धरायचं, खालून हाताचा आधार देऊन, आणि ते कसं धरायचं हे सबंध चर्चमध्ये एकालाच माहीत होतं. लग्न लावणाऱ्या फादरांनी मान डोलावली. सहासष्ट उठला आणि दोन्ही तळव्यांवर पुस्तक घेऊन आत्यासमोर उभा राहिला. आत्या गरजली: "तोबितच्या पुस्तकातून!" तिसऱ्या बाकावर पाळकसाहेबांच्या भुवया वर गेलेल्या त्यानं पाहिल्या. त्याचे कान तापले, पण हात हलले नाहीत. ती प्रार्थना आली, दोघांनी मिळून म्हातारं व्हायची, तेव्हा मात्र त्याचे डोळे परत भरले. दोन्ही हात गुंतलेले. पुसायची सोय नव्हती, आणि सगळं चर्च बघत होतं.

लग्न लागलं. घंटा वाजल्या, लोक उभे राहिले. नवराबायको वेदीपुढच्या पायऱ्या उतरली. डाव्या हाताला मारियामाउलीचा पुतळा होता, नव्या निळ्या झग्यातला, पायाशी संगमरवरी कट्टा. लेकीची पावलं तिथं किंचित अडखळली. त्याबरोबर विहीणबाई पुढे झाल्या, सुनेच्या पाठीवर हात ठेवला आणि हलकेच म्हणाल्या, "चल बाळ, पुढे चल." पुतळ्याकडे त्यांनी स्वतःही पाहिलं नाही. जमिनीकडे पाहत होत्या. करार म्हणजे करार.

सहासष्टनं ते पाहिलं.

"थांबा!" तो एकदम म्हणाला. चर्चमध्ये इतक्या मोठ्यानं बोलायचं नसतं, पण बोलला. पुस्तक घेऊन तो तरातरा कट्ट्यापाशी गेला. "हे आता सपाट जागेवर ठेवायला पाहिजे. पाठ बसली पाहिजे. एवढा सपाट दगड दुसरीकडे नाही." त्यानं माउलीच्या पायाशी पुस्तक ठेवलं, दोनदा सरळ केलं आणि त्याच्यावर स्वतःचा धुतलेला रुमाल पसरला. मग लेकीकडे न बघताच हात पुढे केला. "वर वजन हवं. तो गुच्छ ठेव."

लेक बघतच राहिली. "पप्पा, फुलांचं कसलं आलंय वजन?"

"बाइंडर तू का मी? ठेव म्हणतो ना."

तिसऱ्या बाकावर पाळकसाहेब खोकले. लेक पुढे आली. मारियामाउलीच्या पायाशी, त्र्याहत्तर पुस्तकांवर, तिनं गुच्छ ठेवला आणि क्षणभर तिथंच उभी राहिली. बाप तिच्या शेजारी उभा होता, छताकडे बघत.

विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला होता. तो त्यांनी काढला, डोळे पुसले आणि अगदी गंभीर चेहरा करून म्हणाल्या, "मधोमध ठेव गं. सरस ओला आहे."